डाव्या हाताची वेचणी

आदिलाबादला बघण्यासारखं आहे तरी काय, असं निघताना आमच्या कॉलनीत भेटेल तिनं विचारलं. "माझी बहीण," असं मी सांगितल्यावर पुढचा प्रश्न कुणालाच सुचला नाही. आता परत आल्यावर त्याच जणी "काय काय पाहिलं?" म्हणून विचारतायत. त्याचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी जन्मभर नाशिकच्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना गणित शिकवलं. त्यामुळे कुठंही गेले तरी माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. माणसाला एखादी रीत कळते कशी, आणि एका ठिकाणी कळलेली रीत तो दुसऱ्या ठिकाणी चालवतो कशी. लोक देवळांचे कळस बघतात, मी देवळाबाहेर चप्पल कुठं काढायची हे नवख्यांना कसं समजतं ते बघत बसते. ही माझी खोड आहे. पुढचं वाचताना ती सांभाळून घ्यावी.

किनवट सोडल्यावर

आमचं माहेर किनवटचं. वडिलांचं किराणा दुकान होतं. अक्का माझ्याहून बरीच मोठी, त्यामुळे मला शिस्त लावण्याचं काम आईनं तिच्याकडेच सोपवलेलं. प्रसाद घ्यायला मी डावा हात पुढं केला, की अक्काची चापट बसायचीच. तोंडानं ती कधी काही सांगायची नाही. काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं. पुढं तिचं लग्न तलमडुगु मंडलातल्या एका गावात झालं, सरहद्दीच्या अगदी जवळ, आणि मी शिकायला म्हणून निघाले ती नाशिकचीच झाले.

गाडीनं किनवट सोडलं की सागवानाचं जंगल लागतं. दसरा नुकताच झाला होता. झाडांवर सागाचा पांढुरका मोहोर अजून शिल्लक होता आणि ओढ्यांना पाणी होतं. मी आजवर अक्काकडे गेले ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, तापलेल्या काळ्या रानात. हा मुलूख इतका हिरवा असतो हे मला या वयात कळलं. स्टेशनांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसायला लागली तरी डब्यातलं बोलणं मराठीच होतं, फक्त त्यात "काऊन" आणि "कुठी" वाढत गेले.

आदिलाबादच्या स्टेशनवर भाचा आला होता. प्रशांत अक्काचा एकुलता एक. तलमडुगुला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गावात कपाशी-ज्वारीचं शेत. त्यानं माझी पिशवी घेतली आणि गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"मावशी, तू आली ते लय बेस झालं. पन आईले पाहून रडू नको वं. तिले समजते सगळं."

उन्हाळ्यात अक्काला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय पुढं थोडा सुधारला, धरून धरून चालते, पण उजवा हात लोंबतोच. डॉक्टर म्हणाले, आता डावा हात चालता करा. अक्का ऐकेना.

"डाव्या हातानं जेवत नाय," प्रशांत म्हणाला. "मूठ आवळून घेते. तीन टाइम श्रावणी भरवून राह्यली. आता कापूस फुटला, वावरात कोन जाईन? म्या आदिलाबादले खोली पाह्यली. दिवाळी झाली का आई आन श्रावणी तिथी राहतीन, व्यायामवाला दवाखाना जवळ हाय. मी आन बाबा इथी."

"अक्काला विचारलं?"

"विचारलं. तोंड फिरवून घेतलं तिनं. म्या म्हनलं, आई, सोताच्या हातानं खाशीन त खोली राहू दे. नाय त जावंच लागन."

घराचे असे दोन तुकडे होणार होते, आणि तेही अक्काच्या एका मुठीपायी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी व्हायला लागली होती.

अक्काचं घर

अक्का ओसरीत खुर्चीवर बसली होती. वाळली होती. मला पाहिल्यावर तिचा चेहरा एका बाजूनं हसला, आणि ती म्हणाली, "राहू दे."

मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग समजलं की तिच्यापाशी शिल्लक राहिलेले शब्द एवढेच आहेत. चहा हवा का? "राहू दे," आणि कप ओढून घेते. कोंबडी घरात शिरली? "राहू दे!" आणि डाव्या हातानं काठी आपटते. भाऊजी पंचा कुठं ठेवलाय म्हणून विचारतात, तर "राहू दे" म्हणत डाव्या हाताचं बोट खुंटीकडे. म्हणजे डावा हात कोंबड्या हाकलायला चालत होता, माणसांना दटावायला चालत होता. ताट पुढं आलं की मात्र त्याची मूठ व्हायची. चमचा देऊन पाहिला, लाडीगोडी करून पाहिली. मी जरा मास्तरकी करून पाहिली, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत पाचवीत गेले.

श्रावणी, प्रशांतची बायको, बेल्लमपल्लीची. वडील कोळशाच्या खाणीत, बालपण कामगारांच्या क्वार्टरमध्ये. आदिलाबादच्या कॉलेजात दोघांचं जमलं. घरी तेलुगू, शाळेत तेलुगू, आणि लग्न होऊन आली ती या मराठी घरात. अक्काला ती "अत्तम्मा" म्हणते, आणि बाकी बोलणं ऐकलं तर कुणी म्हणणार नाही की ही इथली नव्हे.

पहिल्या संध्याकाळी तिनं थालीपीठ केलं. तव्यावर थापून बोटानं भोकं पाडताना तिचा हात इतका सराईत, की मी विचारलंच, अक्कानं शिकवलं का?

"अय्यो, अत्तम्मा काई शिकवत नव्हत्या," ती हसली. "म्हनत, पाहून शिक. म्या पाह्यलं, आन मले वाटलं हे त आमची सर्वपिंडीच हाय! तांदळाचं पीठ, दानं, मिरच्या, आन अशीच भोकं पाडतो आमी. फक्त हे ज्वारीचं. मंग हातानं आपोआप केलं."

थालीपिठावर लोण्याचा गोळा आणि बाजूला अंबाडीची भाजी. मी किती खाल्लं ते लिहीत नाही. अक्काला श्रावणीनं एकेक घास मोडून भरवला. अक्का डोळे मिटून खात होती. ते मात्र मला बघवलं नाही.

नेरडीगोंड्याच्या वाटेवर

प्रशांतला दुकानाच्या कामानं नेरडीगोंड्याला जायचं होतं. भाऊजी म्हणाले, आज मी भरवतो, तुम्ही दोघी जाऊन धबधबा पाहून या. हायवेच्या कडेनं बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. इतकी मोठी आणि इतकी गोड सीताफळं मी नाशकात पाहिली नाहीत. दोघींनी गाडीतच बिया थुंकत खाल्ली.

कुंतलाचा धबधबा खाली दरीत आहे. पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली, पण समोर पाणी आलं तेव्हा ती बंद झाली. काळ्या कातळावरून पाणी पायरीपायरीनं कोसळतं आणि त्याचा तुषार तोंडावर येतो. मी बराच वेळ नुसती बसून होते. इतकं निवांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिथली माकडं हुशार आहेत. पिशवी कुरकुरली की आत खायचं असतं हे त्यांनी शिकून ठेवलंय. माझ्या हातातली पिशवी कुरकुरली आणि एका माकडानं ती हिसकून झाडावर नेली. आत होता टॉवेल आणि गुडघ्याला लावायचा बाम. माकडानं बामाचं झाकण काढलं, बोट घातलं, चाटलं, आणि मग जे काही झालं त्यानं आजूबाजूचे सगळे प्रवासी खुश झाले. टॉवेल अजून त्या झाडावरच असेल.

"रीत बरोबर, पण लावली चुकीच्या जागी," मी म्हणाले.

"माह्यावानी," श्रावणी म्हणाली, आणि तिनं आपली फजिती सांगितली. लग्न झाल्यावर पाहिलं की अत्तम्मा मोठ्या सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेतात. हिनंही घ्यायला सुरुवात केली. एकदा मोठ्या सासऱ्यांचा फोन आला. नुसता आवाजाचा फोन, चित्राचा नव्हे. हिनं लगबगीनं पदर घेतला आणि मग उचलला. अक्का चुलीपाशी बसून बघत होती.

"काही बोलली नाही?"

"नाय. पन इतक्या हसल्या, इतक्या हसल्या का भाकर जळली. तेव्हा समजलं, पदर कानासाठी नाय, डोळ्यासाठी असते." मग ती म्हणाली, "अत्तम्माले तसं हसताना लय दिवसात पाह्यलं नाय, मावशी."

मी वर्गात जे सांगत आले ते हेच होतं. रीत चुकीच्या जागी लावून पाहिली की तिची हद्द कुठवर आहे ते कळतं. चुका करणारं पोर मला म्हणूनच आवडायचं. चुका न करणारं पोर बहुतेकदा शेजारच्याचं बघत असायचं.

कोणतं झाड

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अक्काचं काहीतरी बिनसलं. डावा हात सारखा शेताच्या दिशेनं. "राहू दे, राहू दे." पाणी दिलं, भांडं दिलं, उशी दिली. ती चिडली. भाऊजी म्हणाले, "तिचं म्हननं तिलेच ठाऊक," आणि सावकाश बाहेर सटकले.

श्रावणी शेतातून आली, तिच्या केसात कापसाचा एक तंतू अडकला होता. अक्काचं बोट त्या तंतूकडे गेलं. श्रावणी एकदम खाली बसली.

"सीतादही! अत्तम्मा, सीतादही करा लागते, हो ना?"

अक्कानं मान हलवली. खूप वेळ हलवली.

कापूस वेचायला बायका लावायच्या आधी घरच्या बाईनं शेतात जाऊन एका झाडाची पूजा करायची, अशी इथली रीत. झाडाच्या बुडाशी खडे मांडून हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, थोडा दहीभात भोवती शिंपडायचा आणि त्या झाडाचा कापूस पहिला वेचायचा. दह्यासारखा पांढरा कापूस निघू दे, एवढं मागणं. मी उन्हाळ्यातच येत असल्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. श्रावणीनं दोनदा पाहिलं होतं. पूजा तिला येत होती, अडत होतं एका गोष्टीपाशी. झाड अक्का निवडायची. ओळींमधून चालत जायची, एका झाडापाशी थांबायची, बस. का तेच झाड, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि आता सांगू शकत नव्हती.

"कोनतंबी घ्या," प्रशांत म्हणाला. अक्कानं काठी आपटली.

इथं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वर्गात मी एक खेळ खेळायची. माझ्या पिशवीत लिंबू जातं, चेंडू जातो, वही जात नाही. आता तुम्ही एकेक वस्तू विचारा, मी हो किंवा नाही म्हणेन, आणि माझ्या मनातली रीत ओळखा. अक्काला हो-नाही येत होतं. म्हणजे पिशवी अक्काकडे, आणि विचारायचं आम्ही.

श्रावणीनं पाहिलेली दोन्ही झाडं, एक बांधापाशी, एक विहिरीपाशी, शेताच्या पूर्वेला होती आणि दोन्ही भरगच्च होती. मी तिला फोन देऊन पूर्वेकडच्या चांगल्या झाडांचे फोटो आणायला पाठवलं. अक्काला एकेक दाखवला. हो. हो. हो. मी खुशीत सांगितलं, "पूर्वेचं झाड, भरलेलं. पूर्व दिशा शुभ. सोपं होतं."

श्रावणी फोनकडे बघत राहिली. "मावशी, पश्चिमेचं एकबी काऊन नाय दाखवलं?"

त्या खेळात मुलं नेमकं हेच करायची. लिंबू, चेंडू, म्हणून संत्रं विचारायची, गोटी विचारायची, हो-हो ऐकून खुश व्हायची आणि "गोल वस्तू!" म्हणून ओरडायची. मी सांगायची, चुकलं, पेन्सिलही जाते. उतारावर ठेवली की घरंगळणारी कुठलीही वस्तू जाते. "नाही" ऐकायला घाबरू नका, म्हणून मी त्यांना किती वर्षं ओरडले. आणि इथं स्वतः नुसती संत्री विचारत बसले होते. मला माझंच हसू आलं.

श्रावणी परत गेली आणि या वेळी मुद्दाम उलटसुलट फोटो घेऊन आली. पश्चिमेच्या टोकाचं, शेळीनं शेंडा खाल्लेलं किडकिडीत झाड: अक्काची मान हो. पूर्वेचंच, कापसानं पांढरंफेक झालेलं झाड: नाही. मी उडालेच. नुसत्या हिरव्या बोंडांचं झाड: नाही. आम्ही दोघी ओसरीत फोनवर डोकी जोडून बसलो. हो वाली एकीकडे, नाही वाली दुसरीकडे. अक्का आमच्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, तिला मजा येत होती.

श्रावणीनं बोटानं एक फोटो मोठा केला. मग दुसरा. मग तिसरा.

"फूल हाय," ती हळूच म्हणाली. "ज्याले ज्याले हो म्हनलं, त्याले फूल बी हाय, पाती, म्हंजे कळी बी हाय, हिरवं बोंड बी हाय, आन फुटलेला कापूस बी. सगळं एकाच झाडाले. हे पांढरंफेक झाड, हे सरलं. याच्याकडं आता येनारं काई नाय. हो ना, अत्तम्मा? आज हाय, आन उद्याचंबी हाय, असं झाड?"

अक्काच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. तिनं डावा हात उचलला, श्रावणीच्या डोक्याच्या दिशेनं नेला, मध्येच थांबवला आणि मूठ आवळून खाली घेतला. डाव्या हातानं आशीर्वाद देत नाहीत. श्रावणीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

शेतात

अक्काला ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून नेलं. भाऊजी शेजारी उभे राहून खुर्ची धरत होते आणि प्रत्येक खड्ड्याला ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याला शिव्या देत होते. सकाळचं ऊन कोवळं होतं, आणि दव वाळल्यावर कापसाला एक कोरडा, स्वच्छ वास येतो तो सुटला होता.

झाड श्रावणीनं शोधलं. कुठल्या फोटोतलं नव्हे, नवीनच, शेताच्या मधलं. पिवळं फूल, पात्या, बोंडं, आणि खालच्या फांद्यांवर कापूस. ती वळून अक्काकडे बघत राहिली. अक्कानं मान हलवली.

खडे मांडले, हळदकुंकू झालं, दहीभात शिंपडून झाला. खुर्ची झाडाला अगदी लागून ठेवली होती. श्रावणी कमरेला ओटी बांधत होती, वेचलेला कापूस टाकायची ती झोळी, आणि तिची गाठ बसेना म्हणून वेळ लागला.

तेवढ्यात अक्काचा डावा हात पुढं गेला. बोटं फुटलेल्या बोंडात शिरली आणि एका झटक्यात सगळा कापूस बाहेर, सुक्या पानाचा कण न लागता. कापूस मांडीवर. हात पुढच्या बोंडाकडे. त्याच्या पुढच्या. ती हाताकडे बघतही नव्हती.

माझं तोंड उघडलं. "अक्का, अगं बघ..." एवढं ओठांपर्यंत आलं असेल, तर श्रावणीनं माझं मनगट घट्ट दाबलं आणि मान हलवून नको म्हटलं. जन्मभर मी दिसलेली गोष्ट बोलून दाखवण्याचा पगार घेतला. त्या दिवशी गप्प राहिले.

मागं श्रावणी कानात म्हणाली, "कापूस दोन्ही हातानं वेचतेत, मावशी. एका हातानं वेचला त दिवस पुरत नाय. अत्तम्माचा हा हात बी तितकाच जुना हाय."

खरंच की. वेचणीत डावा-उजवा असा भेद कुणी कधी केलाच नव्हता. घरात ज्या हाताला काही येत नव्हतं, त्याला इथं सगळं येत होतं. अक्कानं हाताला लागतील तेवढी बोंडं वेचली, मांडीवरचा कापूस डाव्या हातानं गोळा केला आणि श्रावणीच्या ओटीत टाकला. शेताची पहिली वेचणी सुनेच्या ओटीत पडली. श्रावणीनं वाकून नमस्कार केला. प्रशांत पाठ फिरवून विहिरीकडे बघत होता, आणि विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं.

परत घरी

मला वाटलं, जिंकलो. दुपारी ताट पुढं आलं आणि अक्काची मूठ पुन्हा आवळली.

मी निराश झाले, प्रशांत तर चिडलाच. "वावरात चालते आन घरी नाय? मुद्दाम करून राह्यली का?"

"मुद्दाम नाही रे," मी म्हणाले. हे मला वर्गातून पाठ होतं. जे पोर दुकानात सुट्टे पैसे चोख घेतं, तेच फळ्यावरच्या वजाबाकीला अडतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. त्याला हात धरून, मधली एकेक पायरी दाखवत आणावं लागतं. "शेतातून एकदम ताटावर उडी मारायला लावलीस. मधल्या पायऱ्या कुठायत?"

श्रावणी विचार करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात अक्काची खुर्ची मांडली, अक्काच्या कमरेला ओटी बांधली आणि सुपात शेतातून आणलेली, न वेचलेली बोंडं ठेवली. अक्काचा डावा हात लगेच लागला. कापूस ओटीत, टरफलं खाली. संध्याकाळी श्रावणीनं त्याच सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. अक्कानं एका हातानं सुपाच्या कडेला दाबून फोडल्या आणि दाणे ओटीत टाकले. तेव्हा मी मधे पडले आणि श्रावणीला सुचवलं, "आता ओटी सोड." मग दाणे टाकायला जागा राहिली नाही. अक्कानं दाण्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोंडात टाकला.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि एकमेकींचे हात धरून आवाज न करता नाचलो. माझे गुडघे काही बोलले नाहीत.

त्यानंतर सुपात शेंगांशेजारी भाकरीचा तुकडा आला. मग सुपाच्या जागी ताट आलं, पण अंगणातच. अक्का कधी घ्यायची, कधी मूठ आवळायची. मूठ आवळली की श्रावणी निमूट एक पायरी मागं जायची, परत शेंगा. माझ्या निघण्याचा दिवस जवळ आला तरी घरात, पाटापुढं, ताटातून अक्का जेवली नव्हती. प्रशांतनं खोलीवाल्याला अजून काही कळवलं नव्हतं.

निघताना

गाडी दुपारची होती, म्हणून लवकर जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडी, वाटीभर दही. अक्काचं पान नेहमीच्या जागी, घरात. श्रावणी नेहमीसारखी तिच्याशेजारी बसली, भाकरीचा घास मोडला, दह्यात बुडवला आणि अक्काच्या तोंडाशी नेला.

"राहू दे," अक्का म्हणाली.

आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. ते ती दिवसभर म्हणते. पण तिनं श्रावणीचा हात हळूच बाजूला सारला, डाव्या हातानं ताटातली भाकर दाबून मोडली, दह्याला लावली आणि खाल्ली. थोडं दही हनुवटीवर सांडलं. तिनं दुसरा घास मोडला.

श्रावणीचा घास हातातच राहिला होता. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. प्रशांत उठला आणि फोन घेऊन अंगणात गेला. "हो, तीच खोली," तो मोठ्यानं सांगत होता. "नाय पायजे म्हनलं. दुसऱ्याले देऊन टाका."

मी निघाले. श्रावणीनं पिशवीत सीताफळं भरली, वर एक नवा टॉवेल ठेवला, माकडासाठी म्हणाली. सीतादहीच्या दिवशीचा प्रसादाचा गूळ देव्हाऱ्यात होता. तो घेऊन अक्का ओसरीपर्यंत चालत आली, भाऊजी तिचा दंड धरून होते. गुळाचा खडा तिच्या डाव्या हातात होता. तो हात तिनं माझ्यापुढं केला.

मला वाटलं, आता या घरात डाव्याला मोकळीक झाली. मी खुशीत माझाही डावा हात पुढं केला.

अक्कानं गूळ भाऊजींच्या तळहातावर ठेवला आणि माझ्या हातावर फाडकन चापट मारली.